भुकेची बाजू

डॉक्टरांच्या तपासणीच्या खोलीत, लग्नाच्या पंगतीत, कचेरीत दुपारचे डबे उघडले की स्थूल माणसाला एक वाक्य हमखास ऐकावे लागते: "जिभेवर जरा ताबा ठेवा." सांगणाऱ्याच्या मनात वाईट नसते. त्याचा समज सरळ असतो. खाणे जास्त झाले, हालचाल कमी झाली, म्हणून वजन वाढले. आता खाणे कमी करा, चालायला लागा, की झाले. भूक, शरीरातील ऊर्जा आणि वजन यांवर गेल्या जवळजवळ अडीचशे वर्षांत झालेले संशोधन सलग वाचले, तर या समजातला जमाखर्च खरा ठरतो, पण त्यातला दोषारोप टिकत नाही. भूक ही शरीराने स्वतः चालवलेली यंत्रणा आहे आणि वजन उतरू लागले की ती आपल्या विरोधात उभी राहते. माझ्या मते या सगळ्या संशोधनाचे सार हेच आहे, आणि ते आपल्याकडे दवाखान्यापर्यंतही पुरते पोचलेले नाही.

जमाखर्चाच्या बाजूने पुरावा भक्कम आहे. लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी १७८० च्या दशकात पॅरिसमध्ये एका गिनिपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवले, किती बर्फ वितळला ते मोजले आणि श्वसन म्हणजे एक मंद ज्वलनच आहे असे दाखवले. पुढे शंभरेक वर्षांनी अमेरिकेत विल्बर ॲटवॉटर यांनी माणूस काही दिवस आत राहू शकेल अशी बंद खोली बांधून तेच मोजमाप माणसावर केले. प्रथिनांच्या आणि कर्बोदकांच्या ग्रॅमला ४ कॅलरी, चरबीच्या ग्रॅमला ९, हे आज बिस्किटाच्या पुड्यामागे छापलेले हिशेब त्यांच्याच कामातून आले. ऊर्जा हवेतून येत नाही आणि हवेत विरतही नाही. वजन वाढले याचा अर्थ खर्चापेक्षा जमा जास्त झाली, याबद्दल शंका नाही. पण जमा का वाढली, हे हा हिशेब सांगत नाही. एखाद्याला शेजाऱ्यापेक्षा दोन पोळ्या जास्त का लागतात, हा प्रश्न त्यात येतच नाही.

या प्रश्नाचा एक सुरुवातीचा शोध भारतात झाला. ज्याँ मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये पश्चिम बंगालमधल्या एका ताग गिरणीतल्या २१३ पुरुषांचा आहार, वजन आणि कामाचे कष्ट यांची नोंद प्रसिद्ध केली. गिरणीत सगळ्या तऱ्हेचे लोक होते: दिवसभर गादीवर बसलेले दुकानदार, कारकून, यंत्रावरचे कामगार, कोळसा आणि गाठी वाहणारे हमाल. हलक्या कामापासून जड कामापर्यंत कष्ट वाढत गेले तसे खाणेही वाढत गेले, आणि वजन जवळपास तेवढेच राहिले. त्या मजुरांना कोणी कॅलरी मोजायला शिकवले नव्हते. त्यांची भूक आपोआप कष्टाच्या मापाने चालत होती. अगदी बैठ्या लोकांत मात्र हे माप सुटले होते. ते हलके काम करणाऱ्यांपेक्षा जास्त खात होते आणि जाडही होते. एका काळात एकाच ठिकाणी केलेल्या पाहणीवरून कार्यकारण सिद्ध होत नाही, हे खरे. तरीही भूक कष्टाशी जुळवून घेते, आणि कष्ट फारच कमी झाले की ती जुळणी बिघडते, ही कल्पना तिथून रुजली.

उपाशी माणसाचे काय होते, याचे सर्वांत बारकाईने केलेले वर्णन मात्र मिनेसोटा विद्यापीठातले आहे. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात जायला सद्सद्विवेकाने नकार देणाऱ्या ३६ तरुणांनी ॲन्सेल कीज यांच्या प्रयोगासाठी स्वतःला स्वाधीन केले. युद्धानंतर युरोपातल्या उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसे पोसायचे, हे कीज यांना शोधायचे होते. फेब्रुवारी १९४५ पासून २४ आठवडे या तरुणांना दिवसाला सरासरी सुमारे १,६०० कॅलरी एवढेच अन्न मिळाले: बटाटे, सलगमसारखे कंद, पाव, मॅकरोनी. शिवाय आठवड्याला ३५ किलोमीटर चालायचे. त्यांचे वजन जवळजवळ चौथा हिस्सा उतरले. पण वाचताना अंगावर येते ते त्यांच्या मनाचे वर्णन. ही मुले ताटे चाटून साफ करू लागली. घास तासन्‌तास पुरवून खाऊ लागली. च्युइंगमची पाकिटेच्या पाकिटे संपवू लागली. ज्यांनी कधी स्वयंपाक केला नव्हता ते पाककृतींची पुस्तके जमवून रात्री वाचत बसत. राजकारण, मैत्रिणी, भविष्य, सगळ्यातला रस आटला आणि अन्न तेवढे उरले. तत्त्वासाठी समाजाचा रोष पत्करणारे हे तरुण होते. त्यांच्यात निग्रह कमी होता असे कोण म्हणेल? पुन्हा पोटभर अन्न मिळू लागल्यावर काही जण दिवसाला ५,००० कॅलरींहून जास्त खाऊनही उपाशीच राहत. चरबी पूर्वपदावर आली तरी भूक थांबली नाही. पुढे अब्दुल डुल्लू यांनी याच जुन्या नोंदी तपासून दाखवले की स्नायू भरून येईपर्यंत ती भूक चालू राहिली, आणि तोवर चरबी आधीपेक्षाही वाढून बसली.

आज शहरात सहज हातात ठेवल्या जाणाऱ्या डाएटच्या तक्त्यावर अनेकदा १,२०० कॅलरी लिहिलेल्या असतात. माणसे वेगळी, वजने वेगळी, हे धरूनही हा आकडा मिनेसोटाच्या आकड्याशेजारी ठेवून पाहावा. तक्ता पाळता आला नाही म्हणून रडवेल्या झालेल्या बाईला त्या प्रयोगाबद्दल कोणीतरी सांगायला हवे.

ही यंत्रणा शरीरात कुठे असते, याचा माग त्याच सुमारास मेंदूत लागत होता. हायपोथॅलॅमसचा एक भाग निकामी केला तर उंदीर खात सुटतात आणि फुगतात, हे १९४० मध्ये दिसले होते. त्याच्या बाजूचा भाग निकामी केला तर अन्न समोर असूनही उंदीर खात नाहीत, हे १९५१ मध्ये येल विद्यापीठात दाखवले बी. के. आनंद आणि जॉन ब्रोबेक यांनी. आनंद हे आपले. त्यांनीच पुढे दिल्लीच्या एम्समध्ये शरीरक्रियाशास्त्राचा विभाग उभा केला. पण अंगात किती चरबी साठली आहे, हे मेंदूला कळते कसे? अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत १९४९ मध्ये आपोआप जन्मलेल्या अतिजाड उंदरांनी या प्रश्नाच्या उत्तराची वाट दाखवली. डग्लस कोलमन यांनी जाड आणि सडपातळ उंदरांचे रक्ताभिसरण एकमेकांना जोडून ताडले की रक्तातून काहीतरी निरोप जातो आणि या जाड उंदरांत तो तयारच होत नाही. तो निरोप १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या गटाला सापडला: चरबीच्या पेशीतून निघणारे लेप्टिन.

माणसात लेप्टिनचे महत्त्व कळले ते इंग्लंडमधल्या दोन लहान चुलत भावंडांमुळे. कुटुंब मूळ पाकिस्तानातले. दोघांना जन्मजात लेप्टिन नव्हते आणि भस्म्या झाल्यासारखी भूक होती. त्यातल्या मुलीचे वजन नवव्या वर्षी ९४ किलोंच्या वर होते. केंब्रिजच्या सदफ फारुकी आणि स्टीफन ओ'राहिली यांनी तिला रोज लेप्टिनचे इंजेक्शन द्यायला सुरुवात केली. चाचणीसाठी दिलेल्या जेवणात ती आधीपेक्षा ४२ टक्के कमी खाऊ लागली आणि वर्षात १६ किलो उतरली. उतरली ती बहुतेक सगळी चरबी. हे उपदेशाने किंवा फ्रिजला कुलूप लावून झाले नाही. एक हार्मोन दिले आणि तिची भूक इतर मुलांसारखी झाली.

लेप्टिन हाच सगळ्यांवरचा उपाय ठरेल, अशी आशा तेव्हा होती. ती फोल ठरली. बहुतेक स्थूल माणसांच्या रक्तात लेप्टिन भरपूर असते. अजून दिले तर विशेष फरक पडत नाही. मात्र लेप्टिन कमी झाले, की मेंदू ते उपासमारीचे लक्षण समजतो. म्हणजे हा निरोप मुख्यतः एकाच दिशेने काम करतो. साठा वाढला तर मेंदू फारशी दखल घेत नाही, घटला तर मात्र खडबडून जागा होतो. दुष्काळात जगून उरलेल्या प्राण्यांच्या शरीरात असे असणे साहजिक आहे.

घटीविरुद्धचा हा बचाव दोन बाजूंनी होतो. एक म्हणजे खर्च कमी होतो. वजन दहा टक्के उतरवल्यावर शरीराचा ऊर्जाखर्च हलक्या शरीराला साजेल त्याहूनही जास्त घटतो, हे रूडॉल्फ लायबेल आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये मोजून दाखवले. अमेरिकेतल्या 'द बिगेस्ट लूझर' या दूरचित्रवाणी स्पर्धेतल्या १४ जणांना केविन हॉल यांच्या गटाने सहा वर्षांनी पुन्हा तपासले. उतरवलेल्या सरासरी ५८ किलोंपैकी ४१ किलो परत आले होते, आणि विश्रांतीच्या अवस्थेतला खर्च मात्र अपेक्षेपेक्षा दिवसाला ५०० कॅलरींनी कमीच होता.

बचावाची दुसरी बाजू भुकेची, आणि ती अधिक बळकट निघाली. हॉल यांच्याच एका विश्लेषणातली युक्ती मला फार आवडते. मधुमेहाचे एक औषध रक्तातली साखर लघवीवाटे बाहेर टाकते. ते घेणाऱ्यांच्या शरीरातून रोज सुमारे ३६० कॅलरी निघून जातात, पण त्यांना याचा पत्ता नसतो; त्यांनी डाएट केलेले नसते, म्हणून मनाचा संबंध येत नाही. अशा १५३ जणांच्या वर्षभराच्या नोंदींवरून दिसले की उतरलेल्या प्रत्येक किलोमागे माणूस दिवसाला साधारण १०० कॅलरी जास्त खाऊ लागतो. खर्चातली घट त्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी असते. म्हणजे दहा किलो उतरवलेला माणूस रोज हजारभर कॅलरींच्या वाढीव भुकेशी झुंजत असतो, आणि बाहेरून पाहणारे म्हणतात, "सहा महिन्यांत पुन्हा ढिलाई आली!" ही भूक लवकर शमतही नाही. ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात वजन उतरवल्यानंतर वर्ष उलटले तरी भुकेची हार्मोन्स पूर्वपदावर आलेली नव्हती.

मग सगळेच जाड का होत नाहीत? घराघरांत म्हणतात, की याला खाल्लेले अंगी लागत नाही. क्लोद बुशार यांनी क्वेबेकमध्ये एकसारख्या जुळ्यांच्या १२ जोड्यांना शंभर दिवसांत ८४ दिवस रोज १,००० कॅलरी जास्त खाऊ घातल्या. कोणाचे वजन ४ किलोंनी वाढले, तर कोणाचे १३ किलोंनी. पण जोडीतल्या दोघांची वाढ बरीच सारखी होती. डेन्मार्कमधल्या दत्तक मुलांच्या १९८६ च्या अभ्यासातही त्यांची शरीरयष्टी जन्मदात्यांशी जुळली, वाढवणाऱ्यांशी नाही. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, यात वाद उरलेला नाही. पण स्थूलता झपाट्याने वाढली ती गेल्या चाळीसेक वर्षांत, आणि जनुके एवढ्या काळात बदलत नाहीत. बदलले ते आजूबाजूचे अन्न.

याचा सर्वांत स्वच्छ पुरावा हॉल यांनीच २०१९ मध्ये दिला. २० माणसे चार आठवडे रुग्णालयात राहिली. दोन आठवडे कारखान्यात बनलेले अतिप्रक्रिया केलेले अन्न, दोन आठवडे साधे ताजे शिजवलेले. समोर ठेवलेल्या जेवणात कॅलरी, साखर, चरबी, तंतू आणि मीठ दोन्हीकडे सारखेच, आणि खायचे हवे तेवढे. कारखान्यातल्या अन्नावर माणसे दिवसाला सरासरी ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली आणि दोन आठवड्यांत त्यांचे वजन जवळजवळ एक किलो वाढले. साध्या अन्नावर तेवढेच उतरले. कारखान्यातले अन्न अधिक चविष्ट आहे असेही त्यांना वाटले नव्हते. मऊ, दाट कॅलरींचे, भराभर गिळले जाणारे अन्न पोटाचे निरोप मेंदूपर्यंत पोचण्याआधीच संपते, हे एक स्पष्टीकरण आहे. प्रयोग छोटा आहे, पण आपल्या गावागावांतल्या टपरीवर लटकणाऱ्या पाच-दहा रुपयांच्या पुड्यांकडे पाहिले की तो मनातून जात नाही. दोष देताना वडापावचे नाव आधी येते. मला अधिक काळजी त्या पुड्यांची वाटते, कारण त्या शाळेच्या फाटकाशी असतात.

व्यायामाबद्दल थोडक्यात. टांझानियातले हाड्झा लोक शिकार आणि कंदमुळांसाठी रोज मैलोन्‌मैल चालतात. तरी शरीराच्या आकारमानाचा हिशेब केला तर त्यांचा दिवसाचा एकूण खर्च अमेरिकेतल्या बैठ्या माणसाएवढाच निघाला, असे हर्मन पाँट्झर यांनी २०१२ मध्ये मांडले. वाढीव कष्टांची शरीर दुसरीकडे काटकसर करून काही अंशी भरपाई करते. नुसत्या चालण्याने वजन फारसे उतरत नाही ते यामुळे. पण हृदय, साखर आणि स्नायू यांसाठी व्यायामाला पर्याय नाही, आणि उतरलेले वजन टिकवायला तो उपयोगी पडतो.

आहाराच्या पद्धतींवरून आपल्याकडे काही वर्षांपूर्वी घरोघरी तट पडले होते. डॉ. श्रीकांत जिचकार यांचा विचार पुढे नेत डॉ. जगन्नाथ दीक्षित दिवसातून दोनदाच खा म्हणत होते, तर आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर थोडे थोडे, वेळेवर आणि आपले घरचे खा म्हणत होत्या. वर्षभराच्या मोठ्या चाचण्या दोन्ही बाजूंना सबुरीने घ्यायला सांगतात. स्टॅनफर्डमध्ये ६०९ जणांवर झालेल्या २०१८ च्या चाचणीत कमी चरबी आणि कमी कर्बोदके या दोन आहारांत सरासरी घट जवळपास सारखीच निघाली, ५ ते ६ किलो. पण प्रत्येक गटात कोणी २५-३० किलो उतरवले, तर कोणाचे वजन उलट वाढले. चीनमधल्या ग्वांगजौ इथे १३९ जणांना सारख्याच कमी कॅलरी देऊन निम्म्यांना ठरावीक आठ तासांतच जेवायला सांगितले. वर्षाअखेरीस दोन्ही गटांत ठोस फरक नव्हता. मला यातून एवढेच दिसते की ज्या पद्धतीत माणसाला कमी खाऊनही भूक सोसवते, ती त्याच्यापुरती बरी. एकाला दोन जेवणांनी सुटल्यासारखे वाटते, दुसऱ्याचे त्याने डोके उठते. दोघांपैकी कोणीही लबाड नाही.

इथवरचे सगळे संशोधन वजन हाच मापदंड धरून चालते. त्यालाच धक्का दिला पुण्याने. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी केईएम रुग्णालयातून १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या मातांचा अभ्यास सुरू केला. या बायका सरासरी ४२ किलो वजनाच्या, पाच फूट उंचीच्या, शेतात राबणाऱ्या. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोंची, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोंची. पुण्याच्या बाळांचे हातपाय, पोट, स्नायू सगळे लहान होते. पण पाठीवर खांद्याच्या फऱ्याखाली चिमटा घेऊन मोजलेली चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला किडकिडीत, पण आतून चरबीचा वाटा मोठा: असे बाळ आईच्या पोटातूनच येते. पुढे याच अभ्यासात दिसले की ज्या मातांनी गरोदरपणात पालेभाज्या, फळे आणि दूध जास्त खाल्ले त्यांची बाळे आकाराने मोठी निघाली, आणि जिथे बी-१२ कमी व फोलेट जास्त होते तिथे मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक होती.

याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दोघांचे शेजारी शेजारी छायाचित्र छापले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, अगदी एकच, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. वजनकाट्याला जे दिसत नाही ते एका पानात दिसले. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय २३ पासून जादा वजन आणि २५ पासून स्थूलता धरतात, आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या, बायकांत ८० च्या आत असावा असे सांगतात. 'हाडापेराने बारीक' म्हणून निश्चिंत राहिलेल्या कितीतरी मराठी माणसांची साखर चाळिशीत वाढलेली सापडते, त्याचे मूळ इथे आहे.

आता वजन उतरवणाऱ्या नव्या इंजेक्शनांकडे. जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-१ नावाचे हार्मोन निघते. ते इन्सुलिन वाढवते आणि मेंदूला पोट भरल्याचे कळवते, पण काही मिनिटांतच नष्ट होते. जॉन एंग यांना १९९२ मध्ये हीला मॉन्स्टर या अमेरिकी सरड्याच्या विषात तसेच, पण टिकाऊ रेणू मिळाला आणि औषधांचा रस्ता खुला झाला. त्यातल्या सेमाग्लुटाइड या औषधाच्या १,९६१ जणांवरच्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरले. नुसत्या सल्ल्यावर आणि खोट्या इंजेक्शनवर २.४ टक्के. टिर्झेपाटाइड या दुसऱ्या औषधाच्या मोठ्या मात्रेत घट २० टक्क्यांवर गेली. औषध घेणारे सांगतात, की डोक्यात सतत चालणारा खाण्याचा विचार बंद झाला. मला हा या शास्त्राचा सर्वांत मोठा निष्कर्ष वाटतो: हार्मोनचा निरोप बदलला आणि आयुष्यभर 'ताबा नसलेली' माणसे अर्धे ताट सारून उठू लागली. औषध थांबवल्यावर मात्र वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला. यालाही हार्मोनच कारण, स्वभाव नव्हे. रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्यावर दाब वाढला तर रुग्णाला कोणी दोष देत नाही.

टिर्झेपाटाइड मार्च २०२५ मध्ये भारतात आले तेव्हा सर्वांत छोट्या मात्रेची कुपी ३,५०० रुपयांना होती, आणि आठवड्याला एक लागते. सेमाग्लुटाइडच्या भारतातील पेटंटची मुदत मार्च २०२६ ची. त्यापुढे देशी कंपन्यांच्या स्वस्त इंजेक्शनांचा मार्ग मोकळा होतो. किंमत उतरली की हे औषध सातारा-लातूरच्या दुकानांतही सर्रास मिळेल. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ हे त्रास नेहमीचे आहेत आणि मात्रा जपून वाढवावी लागते. त्यामुळे ते चिठ्ठीशिवाय विकले जाणे धोक्याचे आहे.

त्याहून मोठा प्रश्न पुण्याच्या त्या बाळांकडे नेणारा आहे. या औषधांनी उतरलेल्या वजनात चौथा हिस्सा ते ४० टक्के भाग चरबीचा नसतो. त्यात स्नायूही असतात. सेमाग्लुटाइडच्या त्या चाचणीत सुमारे तीन चतुर्थांश लोक गोरे होते, आणि बीएमआय ३० च्या वर, किंवा सोबत दुसरा आजार असेल तर २७ च्या वर असणाऱ्यांनाच प्रवेश होता. कमरेचा घेर ९५ सेंटिमीटर आणि बीएमआय २४ असलेला, जन्मतःच स्नायू कमी असलेला मराठी माणूस त्यात नव्हता. त्याचे वजन पंधरा टक्के उतरले तर हाताची पकड, जिना चढण्याची ताकद, म्हातारपणी पडण्याचा धोका यांचे काय होते, किती प्रथिने आणि कोणता वजने उचलण्याचा व्यायाम सोबत द्यावा, हे इथल्या माणसांवर, इथल्या जेवणावर आणि वर्षानुवर्षे मोजले पाहिजे. पुण्याच्या खेड्यांतली ती मुले आता तिशीच्या घरात आहेत. जन्मापासूनची मोजमापे हाताशी असलेली अशी पिढी जगात फार थोड्या ठिकाणी आहे, आणि हा अभ्यास सुरू करायला तिच्याइतकी योग्य जागा मला दुसरी दिसत नाही.